तीन स्क्रू आणि नऊ बाराचा मुहूर्त

आधीच सांगून ठेवते मित्रांनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या वायरी उंदरांनी कुरतडाव्यात, पडद्याला बुरशी लागावी, आणि पुढच्या जन्मी मला रिव्हर्स घेणाऱ्या गाडीतलं ते पिपाणीसारखं गाणं व्हावं लागावं. शपथ घेतेय ती मोठ्यानं घेतेय. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेली तरी चालेल.

मी एक जुनी मशीन आहे. नावेवर बसवतात आणि पाण्याखालचे मासे बघतात, तसली. दुकानदार मला फिश-फाइंडर म्हणतात. हैदराबादेत विद्यानगरला एका तिसऱ्या मजल्यावर, दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी लटकलेली आहे, तिच्यात मी असते. पाणी माझ्यापासून फार लांब आहे. मला ऐकू येतं ते फक्त वॉशिंग मशीनचं.

माझे दोन भाग होते. डोकं म्हणजे सात इंची पडदा, तो वर नावेवर. आणि साबणाच्या वडीएवढा एक काळा गोळा, तो नावेच्या मागच्या फळीला, पाण्यात बुडालेला. सगळे त्याला माझा डोळा म्हणायचे. खरं तर तो कान होता. मी पाण्यात हाक मारायची, तळ ओ द्यायचा. ओ यायला किती वेळ लागला, तेवढं पाणी खोल. मध्ये कुणी मासा आला तर तोही ओ द्यायचा, आणि मी पडद्यावर एक कमान काढून टिंग करायची. एवढंच माझं काम. खाली काय आहे ते सांगायचं. मागे काय आहे ते मला कधीच कळलं नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मला आणलं प्रतापरावांनी. त्यांचं बेगम बाजारात दोरखंडांचं आणि जाळ्यांचं दुकान होतं. घराणं मूळ उदगीरकडचं, शेतकरी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना जाळी विकली आणि स्वतः एक मासा पकडला नाही. मग छातीचं ऑपरेशन झालं, दुकान भाच्याकडे गेलं, आणि प्रतापरावांनी घरात जाहीर केलं की आता मी मासे धरणार. त्यांची बायको कुसुमताई म्हणाल्या, बाजारात मिळतात की, कापून देतात वर. तरी काकीनाड्याहून ट्रकवर बसून नाव आलीच. सतरा फुटांची, फायबरची. मधोमध एक उभा ओटा, त्यावर सुकाणू. बाकी चारही बाजूंनी मोकळी, कुठूनही गळ टाका. शहरापासून अडीच तासांवर एका धरणाचं पाणी पसरलंय, तिथे ती ठेवायची ठरली. सांभाळायला तिथलाच यादगिरी नावाचा कोळी. तेलुगू बोलायचा आणि मराठी सगळं समजून न समजल्यासारखं करायचा.

आता त्या ओट्यावर काय काय बसवायचं, यावर घरात महिनाभर वाद झाला. मुलगा हर्षवर्धन कॉम्प्युटरवाला. त्यानं यादी केली: बारा इंची पडदा, नकाशा, रडार, रेडिओ, गाण्याचे स्पीकर. प्रतापराव म्हणाले, अरे मला मासे धरायचेत, लढाई नाही करायची. शेवटी नामपल्लीच्या मोईनभाईला बोलावलं.

मोईनभाईचं दुकान बॅटरी-इन्व्हर्टरचं, पण शहरात ज्या दहा-पंधरा हौशी लोकांच्या नावा होत्या, त्यांची वायरिंग तोच करायचा. बोटं जाड, काम बारीक. आल्या आल्या त्यानं मशीनचं नावही काढलं नाही. खोक्याचा पुठ्ठा मागितला, त्याचे तीन तुकडे कापले, लहान, मध्यम, मोठा, आणि एकेक करून ओट्यावर चिकटवले. प्रतापरावांना उभं केलं, बसवलं, चष्मा लावून बघायला लावलं, चष्मा काढून बघायला लावलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबला आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. मोठ्या पुठ्ठ्याआड समोरचं पाणी झाकलं जात होतं. लहानावरचे आकडे प्रतापरावांना दिसले नसते. म्हणून सात इंच, म्हणून मी. तिथे रेडिओ लावून बोलणार कुणाशी, बगळ्यांशी? तो यादीतून गेला. रडारही गेलं. स्पीकर होकायंत्राशेजारी नको, त्यात चुंबक असतं, काटा भरकटतो.

मग कुसुमताईंनी पर्समधून गाडीत चिकटवायचा गणपती काढला आणि बरोब्बर होकायंत्राला खेटून बसवला. तो बुडाशी चुंबकवाला. काटा गर्रकन फिरून बाप्पाकडे बघायला लागला. मोईनभाईनं आधी हात जोडले, मग म्हणाला, "अम्मा, इनको उधर बिठाओ. इधर बैठे तो कांटा इनकोच देखता, रस्ता नहीं देखता." कुसुमताई हसल्या आणि बाप्पाला दुसऱ्या टोकाला बसवला. बघा मित्रांनो, त्या दिवशी त्यांनी त्याचं ऐकलं होतं.

मी कुरियरनं यायची होते, ती उशिरा आले. भाद्रपद सुरू होता. ज्या दिवशी मी मोईनभाईच्या दुकानात पोचले तो विसर्जनाचा दिवस. नामपल्लीचे सगळे रस्ते बंद, ट्रकवर वीस-वीस फुटांचे गणपती, ढोल असे की मी खोक्यात असून माझे स्क्रू हलत होते. सकाळी निघायचं ते मोईनभाई दुपारी तीनला कसाबसा शहराबाहेर पडला. पाण्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा.

पडदा बसवायला वेळ लागला नाही. वायर जाड घेतली, फ्यूज घातला, वायरीला खाली एक झोल दिला म्हणजे पाणी ओघळून बाहेर गळेल, आत शिरणार नाही. मग नावेच्या मागच्या फळीपाशी तो गुडघ्यावर बसला. ही फळी बाहेरून फायबरची दिसते, पण आत लाकूड असतं. तिलाच इंजिन लटकतं. माझ्या काळ्या गोळ्याची पट्टी बसवायला त्यानं तिच्यात तीन भोकं पाडली. प्रत्येक भोकात तो पांढरा चिकट सीलंट भरला, स्क्रू पिळले, वरून पुन्हा लेप दिला आणि बोटानं असा गोल फिरवला, जसं कुणी बाळाच्या कपाळाला तीट लावतं. मग उठला आणि म्हणाला, आता एक दिवस एक रात्र याला पाणी दाखवायचं नाही. हवा दमट आहे, दीड दिवस दिला तर उत्तम.

इथे कुसुमताई मध्ये पडल्या. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ बारा ते नऊ एकोणचाळीस एवढाच मुहूर्त दिला होता. त्यानंतर लागत होता पितृपक्ष.

"भाई, फिर पंधरा दिन हमारे पितरों के," त्या म्हणाल्या. "उसमें नई नाव पानी में नक्को. इनका दिल का ऑपरेशन हुआ है. मैं नहीं सोडती."

"अम्मा, ये लेप अब्बी कच्चा है. पानी घुसा तो अंदर की लकडी सडती. बाहर से दिखता भी नहीं. पंधरा दिन बाद उतारो ना."

प्रतापराव म्हणाले, थांबू की, मला कुठे घाई आहे. कुसुमताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नवऱ्याच्या जिवाला काही होऊ नये म्हणून ती बाई मुहूर्त धरून बसली होती, हे लक्षात ठेवा मित्रांनो. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मोईनभाईनं हत्यारं गोळा केली. जाता जाता म्हणाला, ठीक आहे, पण महिन्याभरात नाव एकदा बाहेर काढा. मी स्क्रू उघडून पुन्हा भरून देतो. पक्कं?

पक्कं, असं प्रतापराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून बारा मिनिटांनी नारळ फुटला आणि मी पाण्यात गेले. यादगिरीनं इंजिन सुरू केलं, नावेनं वेग घेतला, पाण्याच्या जोरानं माझी पट्टी एकदाच, केसाएवढी, हलली. मधल्या स्क्रूचा लेप एका बाजूनं सुटला. तिथून पाण्याचा पहिला थेंब फळीच्या आत गेला. मला तो जाताना कळला. पण मला तीनच गोष्टी सांगता येत होत्या: पाणी किती खोल, किती थंड, आणि मासा. चौथी गोष्ट सांगायला माझ्याकडे बटण नव्हतं.

मग चार वर्षं माझी चैन होती, ती नाकबूल कशाला करू. प्रतापरावांनी माझ्या पडद्यावरचं नवेपणाचं प्लॅस्टिक काही काढलं नाही, ते फुगलं, पिवळं झालं, तरी त्यातूनच बघायचे. मी टिंग केलं की लहान मुलासारखे ओरडायचे, यादगिरी, आला बघ! मी त्यांना काय काय दाखवलं म्हणून सांगू. धरणात बुडालेल्या गावाच्या भिंती दाखवल्या, अकरा मीटरवर, विहिरीच्या काठासकट. एक मरळ दाखवली, एवढी म्हातारी की तिच्या ओठात तीन पिढ्यांचे गळ होते. चौथा प्रतापरावांचा होता, तोही ती घेऊन गेली. हसू नका, शपथ घेतलीय मी. प्रतापराव दर आठवड्याला एक फडकं गोड्या पाण्यात भिजवून मला पुसायचे, आणि पुसताना आपल्या तब्येतीचं सांगायचे, जे घरी सांगत नव्हते.

महिन्याभरात मोईनभाईचा फोन आला. नाव काढता का बाहेर? प्रतापराव म्हणाले, दसरा होऊ दे. दसऱ्यानंतर आला, तेव्हा म्हणाले, संक्रांत होऊ दे, आत्ता मासा चांगला लागतोय. संक्रांतीनंतर त्यानं पुन्हा केला. आता मात्र प्रतापराव जरा चिडले. अरे चालतंय की सगळं, एवढा कशाला मागे लागतोस, धंदा कमी आहे का? त्यानंतर त्यानं फोन केला नाही. मीही उगाच नीट चालत होते. एखाद दिवस बंद पडले असते, तर दुरुस्तीच्या निमित्तानं कुणीतरी मागे वाकून बघितलं असतं.

चौथ्या पावसाळ्यात यादगिरीनं इंजिनापाशी फळीवर अंगठा दाबला आणि तो थोडा आत गेला. त्यानं प्रतापरावांकडे पाहिलं. प्रतापराव गळाला आमिष लावत होते. यादगिरी पुढल्या खेपेला सांगू म्हणून गप्प बसला.

पुढली खेप ऑगस्टमधली. दुपार. पश्चिमेकडून काळा ढग चढत होता, वारा सुटला होता. प्रतापराव म्हणाले, पावसाच्या आत काठ गाठू, आणि त्यांनी हँडल पूर्ण पुढे रेटलं. मला आधी मागून आवाज आला. ओलं लाकूड मोडताना कडकड वाजत नाही मित्रांनो. कुणीतरी उसासा टाकल्यासारखं वाजतं. फळीचा वरचा भाग इंजिनासकट सुटला. प्रतापराव सुकाणू सोडून मागे धावले, इंजिन वाचवायला. नाव मागून खचली, पाणी आत आलं आणि ते त्याच पाण्याबरोबर बाहेर गेले. जीवरक्षक जाकीट बसायला मऊ म्हणून त्यांच्या सीटवर अंथरलेलं होतं.

माझा कान फळीच्या खालच्या भागाला अजून तग धरून होता. बॅटरी ओट्यात कोरडी होती. मी हाक मारली, आणि पहिल्यांदाच माणसानं ओ दिली. मला माणूस काढता येत नाही. मी एक कमान काढली, मोठी, एक पूर्णांक आठ मीटरवर, आणि टिंग केलं. ज्या आवाजावर ते चार वर्षं आनंदानं ओरडत होते, तोच.

यादगिरीनं पडदा पाहिला आणि तिथेच उडी मारली. गढूळ पाण्यात त्याच्या हाताला थेट सदऱ्याची कॉलर लागली. त्यानं त्यांना वर आणलं, मासे ठेवायच्या तरंगत्या बर्फपेटीवर त्यांची मान टेकवली आणि अर्धा तास धरून ठेवलं. दुसरी नाव आली तोवर ते छातीचं ऑपरेशन संपलेलं होतं. म्हणजे तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते ते. ते गेले होते.

नावेचं नाक पाण्यावर राहिलं होतं. ती ओढून आणल्यावर यादगिरीनं माझं डोकं सोडवलं आणि फळीचा तुकडाही कापून घेतला, माझ्या पट्टीसकट, तीन स्क्रूंसकट. तेराव्यानंतर त्यानं दोन्ही विद्यानगरला आणून टेबलावर ठेवलं. हर्षवर्धननं तुकडा हातात घेतला. चहात बुडवलेल्या उस्मानिया बिस्किटासारखं लाकूड त्याच्या बोटांत आलं. तिन्ही भोकांभोवती काळी वर्तुळं होती.

त्यानं मोईनभाईला बोलावलं. मोईनभाई आला, चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन. हर्षवर्धननं तुकडा त्याच्यापुढे ढकलला आणि विचारलं, ही भोकं कुणी पाडली?

"मैंनेच पाडा साब."

"भरता येत नव्हती तर पाडली कशाला? माझा बाप गेला यात."

मोईनभाईनं मान वर केली. हर्षवर्धनकडे नाही, त्याच्या मागे. तिथे दाराच्या चौकटीला धरून कुसुमताई उभ्या होत्या. त्यांच्या तोंडात नऊ बारा होते, एकोणचाळीस होते, सगळं होतं. मी टेबलावरून बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मोईनभाईनं तेही पाहिलं. मग तो हळू म्हणाला, "गलती हो गई साब. मेरेसे." टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. चहा तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी हर्षवर्धननं नावा बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या तुकड्याचे फोटो टाकले, दुकानाच्या नावासकट. त्या दहा-पंधरांपैकी एकानंही पुन्हा मोईनभाईला नावेपाशी बोलावलं नाही. मग बिल्डिंगवाल्यांनी इन्व्हर्टरला दुसरा माणूस धरला. यादगिरी वर्षश्राद्धाला आला तेव्हा त्यानं सांगितलं की मोईनभाई आता दुकानात मोबाईलचे चार्जर विकतो.

हे कुसुमताईंनी ऐकलं. पुरणाचा हात तसाच ठेवून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं, ते पिवळं प्लॅस्टिक पहिल्यांदा ओढून काढलं आणि मला कापडी पिशवीत घातलं. फळीचा तुकडाही घातला. रिक्षा केली आणि नामपल्लीला गेल्या. दुकानात शिरल्या. मोईनभाईनं स्टूल पुढे केलं. बसल्या, आणि श्वास घेऊन म्हणाल्या, "भाई, भोक तुमचं होतं. घाई माझी होती. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे मी माझ्या मुलाला सांगणार आहे, आज." मोईनभाईनं चहा मागवला. या वेळी दोघांनी संपवला.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. काय मागू तुमच्याकडे? यंत्राला गोड्या पाण्यानं पुसत जा. नव्या पडद्यावरचं प्लॅस्टिक काढून टाका, ते तुमच्यासाठी नसतं, वाटेवरच्या धुळीसाठी असतं. आणि ज्याच्या हाताला लेप लागलेला आहे तो थांबा म्हणाला तर थांबा. पितर काही रागवत नाहीत. त्यांना कसली घाई असणार आहे?

आता एक कबुली द्यायची राहिली. शपथ घेतली होती, पण यातलं एक मी बनवलंय. तुम्हाला वाटेल ती म्हातारी मरळ. नाही, ती खरी आहे, चारही गळांसकट. वाटेल की एक पूर्णांक आठ मीटरची कमान. तीही खरी, यादगिरीला विचारा.

मी बनवलं ते दुकानात शिरणं. रिक्षा नामपल्लीला गेली, एवढं खरं. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबली. मोईनभाई आत चष्मा कपाळावर चढवून कुणाचातरी चार्जर उघडत होता. कुसुमताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, इतकी की स्क्रूंची टोकं कापडातून त्यांच्या तळहाताला टोचत असणार. रिक्षावाल्यानं विचारलं, अम्मा, उतरते? त्यांनी पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले. मग म्हणाल्या, चलो, वापस.

त्याला आता आठ महिने झाले. पण त्यांनी मला परत माळ्यावर टाकलेलं नाही. दाराजवळच्या खुंटीला ठेवलंय, चपलांच्या वर, निघताना हाताला लागेल असं. रोज सकाळी त्या पिशवीला एकदा हात लावतात आणि दूध घ्यायला जातात. दुकान अकराला उघडतं. तो रस्ता काही फार रुंद नाही. मी मोजलाय.